फ्रीडम नाइन्टी : गायक दिसत नाही, तरी व्हिडिओ पूर्ण त्याचाच

ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकलच्या फ्रीडम नाइन्टी गाण्याचा व्हिडिओ परत बघितला, लागोपाठ चार वेळा, आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. साडेसहा मिनिटांचं गाणं आणि गायक एकदाही दिसत नाही. विचार करा, १९९० साल, गाण्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या एमटीव्ही चॅनलचा जोर, पॉप स्टारचा चेहरा म्हणजेच सगळा धंदा, आणि हा माणूस म्हणतो मी येणारच नाही कॅमेऱ्यासमोर.

हा बघायच्या आधी त्याच्याच १९८७ च्या फेथ गाण्याचा व्हिडिओ नक्की बघा, नाहीतर अर्धी मजा जाईल. लेदर जॅकेट, गॉगल, जीन्स, गिटार, ज्यूकबॉक्स, ह्याच वस्तू म्हणजे जॉर्ज मायकल असं लोकांच्या डोक्यात फिट्ट बसलं होतं. इथे कोरस आला की तेच जॅकेट कपाटात टांगल्या टांगल्या पेट घेतं, पुढे ज्यूकबॉक्स आणि गिटारच्या पण चिंधड्या उडतात. स्वतःची लोकप्रिय इमेज, जिच्यावर कोट्यवधी कॅसेट खपल्या, ती स्वतःच्याच गाण्यात जाळायची म्हणजे छाती लागते. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याच्या कव्हरवर पण तो नाहीये, बीचवरच्या तुडुंब गर्दीचा जुना फोटो आहे फक्त.

डायरेक्शन डेव्हिड फिंचरचं, त्याचा पहिला सिनेमा यायच्या आधीचं. गाण्यावर ओठ हलवतात पाच सुपरमॉडेल्स, नेओमी कॅम्पबेल, लिंडा एव्हान्जेलिस्टा, क्रिस्टी टर्लिंग्टन, सिंडी क्रॉफर्ड आणि तातियाना पाटिट्झ. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटिश व्होग ह्या फॅशन मासिकाच्या कव्हरवर ह्याच पाचजणी होत्या. लिंडा स्वेटर तोंडावर ओढून घेते तो शॉट मला सगळ्यात आवडतो, कारण चेहरा झाकला तरी आवाज चालूच राहतो आणि तो आवाज त्याचा आहे, व्हिडिओला जे म्हणायचंय ते सगळं मला तिथेच मिळालं.

एक गोष्ट मात्र खटकते. स्वतःचा चेहरा विकायचा नाही म्हणून त्या जागी जगातले सगळ्यात जास्त विकले जाणारे पाच चेहरे आणले, आणि कॅमेरा त्यांच्या अंगावरून जाहिरातीसारखाच फिरतो, बाथटबमधली सिंडी बघा. त्याची सुटका झाली पण त्या मुलींचं काय, हा प्रश्न चौथ्यांदा बघताना पण गेला नाही. पुरुष मॉडेल्स पण आहेत, ते लक्षातही राहत नाहीत.

आणि हे नुसतं व्हिडिओपुरतं नव्हतं हां. १९९२ मध्ये जॉर्ज करारातून बाहेर पडायला त्याच्या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध, म्हणजे सोनीविरुद्ध, लंडनच्या कोर्टात गेला आणि १९९४ मध्ये केस हरला. हे माहीत असलं की ते जळणारं जॅकेट बघताना पोटात वेगळंच काहीतरी होतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बाथटबसाठी कापला. हेडफोन लावून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका पण.