झिजलेला वर्ख की नवी झळाळी? अठराव्या शतकातली इंग्लिश सोनेरी खुर्ची निवडताना

समजा, लंडनच्या एखाद्या लिलावात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. दोन्ही १७६५-७० च्या सुमाराच्या, दोन्ही कोरीव, दोन्ही सोनेरी. पहिलीचा वर्ख हातांवर झिजलाय, खालची तांबडी माती दिसतेय, एका पायाचा पोपडा उडालाय. दुसरीला कधीतरी नव्याने वर्ख चढवलाय, त्यामुळे ती झळझळतेय. नजर दुसरीवर जाते हे खरं, पण मी पहिली घ्या म्हणेन. तिचं मोल सोन्यापेक्षा सोन्याखालच्या थरात जास्त आहे.

या खुर्च्यांची चौकट बहुधा बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाची. सगळं झाकलंच जाणार असेल, तर महागडं महोगनी कशाला वाया घालवायचं? लाकडावर खडूची पूड आणि सरस यांचे पातळ हात एकावर एक देत. हा जेसोचा थर. त्याने कोरीवकामाच्या कडा बुजायच्या. म्हणून तो वाळला की कारागीर पुन्हा हत्यारं घेऊन बसत, आणि पानांच्या शिरा, मण्यांमधल्या खाचा, पाकळ्यांच्या कडा त्या जेसोतच नव्याने कापून काढत. त्यावर चिकणमातीचा हात, मग वर्ख, आणि उठावाचा भाग अकीकाने घोटलेला. म्हणजे ज्या नाजूक रेषांवर आपण भाळतो, त्यातल्या बऱ्याचशा लाकडात नसतातच.

आता दुसऱ्या खुर्चीचं काय झालं असेल बघा. जुना थर पार खरवडून काढला असेल, तर त्या रेषाही त्याच्याबरोबर गेल्या. नव्या कारागिराने पुन्हा कापल्या असतील, तर ते काम त्याचं, मूळच्या माणसाचं नाही. आणि न खरवडता जुन्यावरच नवे थर दिले असतील, तर शेंदराची पुटं चढून मूर्तीचे नाकडोळे दिसेनासे व्हावेत, तशी नक्षी गोलमटोल होते. टॉर्च तिरपा धरून खुर्चीच्या हाताच्या टोकाशी कोरलेलं एखादं पान बघा. जुन्या थरावर शिरेची कड धारदार असते आणि सावली बारीक पडते. पुटं चढलेल्या पानावर ती सावली पसरट, मऊ दिसते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

वर्ख चढवण्याच्या पद्धतीवरून मात्र घाईने निकाल देऊ नका. पाण्यावर (म्हणजे पाण्याने ओलावलेल्या मातीच्या थरावर) चढवलेला वर्ख घोटता येतो, तेलावरचा (चिकट तेलाच्या हातावर बसवलेला) घोटता येत नाही, त्यामुळे तो जरा मंद दिसतो. तेलावरचा दिसला की काही जण लगेच त्याला नंतरचं स्वस्त काम ठरवतात. पण लंडनचा नामांकित फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेल याने १७६५ मध्ये सर लॉरेन्स डंडासला लावलेलं बिल उपलब्ध आहे. वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमच्या आराखड्यावरून केलेल्या आठ मोठ्या खुर्च्या, १६० पौंड, आणि त्यात सोनं तेलावर चढवल्याचं स्पष्ट लिहिलंय. कापड गिऱ्हाइकाचं, पायांना मजबूत चाकं. लंडनमधल्या एका श्रीमंताच्या घरासाठी केलेलं हे वरच्या दर्जाचं काम होतं. त्या संचातली खुर्ची व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पैसे मोजण्याआधी ती बघून याच. जमलं तर डर्बीशायरमधला केडलस्टन हा वाडाही. तिथले जलपऱ्यांचे सोनेरी सोफे अप्रतिम आहेत. (पुढे व्हाइसरॉय झालेल्या कर्झनचं हे घर.)

खरं सोनं काळवंडत नाही. कुठे तपकिरी किंवा हिरवट डाग दिसला, तर तिथे पितळेच्या पुडीचा सोनेरी रंग फासलाय. हा प्रकार झळझळीत खुर्च्यांत जास्त आढळतो, कारण एकदा चकाकी हवी झाली की डागडुजी थांबत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या नकला तिसऱ्या रांगेत. दिसायला देखण्या, पण अठराव्या शतकाच्या भावाने घेऊ नका. खुर्ची उलटी करून बैठकीच्या चौकटीची आतली बाजू बघा. तिथे वर्ख नसतो, त्यामुळे हत्यारांच्या खुणा आणि लाकडाचा जुनेपणा उघडा दिसतो. चिपेंडेलच्या कारखान्यातल्या खुर्च्यांत तिथे शिकंजा धरण्यासाठी कापलेल्या खाचा अनेकदा सापडतात. फक्त त्या खाचांवर विसंबून चिपेंडेलचं नाव लावू नका, आणि कुणी लावलं तर जास्तीचे पैसे देऊ नका.

दुसरी खुर्ची कधी घ्यावी? रोज बसायचं असेल, घरात लहान मुलं असतील, आणि भाव पहिलीपेक्षा बराच कमी असेल तर बिनधास्त घ्या. नवा थर घट्ट असतो आणि ओरखडा पडला तरी मूळचं काही जात नाही. पहिली मात्र भिंतीशी ठेवून जपायची वस्तू आहे. तिच्यावर ओलं फडकं कधीच नको, कारण पाण्यावर चढवलेल्या वर्खाला सरसानेच धरून ठेवलेलं असतं आणि तो पाण्याने सुटतो. मुंबईत आणणार असाल तर आणखी विचार करा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एसी लावला की आक्रसतं, आणि ही ओढाताण जेसोला सोसत नाही. पोपडे तिथूनच सुटतात. खोलीतली हवा वर्षभर एकसारखी ठेवता येणार नसेल, तर मुंबईच्या घरासाठी मी दुसरीच सुचवेन. आणि पहिली घेतलीच, तर सुटलेले पोपडे आहेत तिथेच चिकटवून देणारा संवर्धक आधी गाठा. पुन्हा वर्ख चढवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका.