पावतीवर लिहिलं होतं 'फेशियल'

मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि माझ्या दोन्ही गालांवर वांग. हातात दीड महिना. पाटीवर 'स्किन क्लिनिक' आणि आत पांढऱ्या कोटातल्या मॅडम. मी त्यांना डॉक्टरच समजले. पीलच्या, म्हणजे अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर काढण्याच्या, सहा सिटिंगचे १८,००० रुपये, "आजच भरलेत तर १२,०००. वांग कायमचं जाईल." मी भरले.

मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. फसवणूक तिथूनच सुरू झाली होती, पण ते मला फार उशिरा कळलं. मी रोज रात्री ट्रेटिनॉइनचं क्रीम लावत होते, दोनच दिवसांपूर्वी ब्लीच केलं होतं. दोन्हींनी त्वचा नाजूक होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बाटलीला लेबल नव्हतं. ब्रशने सगळ्या चेहऱ्यावर त्यातलं द्रव लावलं आणि मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या. पीलचं ग्लायकोलिक अ‍ॅसिड असेल, तर ते मिनिटं मोजून ठेवायचं आणि वेळ झाली की सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करायचं असतं. मी दोनदा "फार जळतंय हो" म्हणाले. मदतनीस मुलीने पंखा माझ्याकडे वळवला. "जळतंय म्हणजे काम करतंय, ताई."

थोडी चुरचुर सौम्य पीललाही होते. दोन-तीन दिवसांनी कोंड्यासारखी सालं निघतात आणि आठवड्याभरात चेहरा सावरतो. माझ्या गालांतून तिसऱ्या दिवशी पाणी सुटलं. मग त्या जागा काळ्या पडल्या, वांगापेक्षाही गडद. एप्रिलच्या भर दुपारी मी उघड्या तोंडाने स्कूटरवरून घरी आले होते. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं. गव्हाळ-सावळी त्वचा दुखावली की जास्त रंगद्रव्य तयार करते, म्हणून पीलआधी दोन-चार आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन लावून तिची तयारी करून घेतात, सुरुवात कमी तीव्रतेने करतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्यात का, ओठांवर नागीण उठते का, दिवस गेलेत का, हे सगळं आधी विचारतात. आणि वांग पीलने फिकट होतं, पण उन्हाने परत येऊ शकतं. 'कायमचं' हा शब्द ऐकला तेव्हाच मी उठायला हवं होतं.

पैसे मागायला गेले तर "पॅकेज परत होत नाही." पावती काढून पाहिली, तर त्यावर 'फेशियल – ६'. अ‍ॅसिडचा उल्लेखच नाही. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर मॅडमचं नाव शोधलं, सापडलं नाही. हे पाच मिनिटांचं काम पैसे भरण्याआधी करा, नोंदणी क्रमांक तोंडावर विचारा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

तुमच्याकडेही अशी खोटी पावती असेल तर चिडून फाडू नका. तिच्यावर तारीख असते. त्याच दिवशीचे चेहऱ्याचे फोटो तिच्यासोबत ठेवा.