रोपे कोलमडतात: बीजप्रक्रियेला थायरम की ट्रायकोडर्मा?

बी मातीतच कुजते, किंवा उगवलेले रोप जमिनीलगत पिचून आडवे होते. दोष पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशींचा.

थायरम हे रासायनिक बुरशीनाशक. किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम, पेरणीआधी कोरडेच चोळायचे. ते पहिल्या दिवसापासून काम करते, पण बियाच्या सालीपुरतेच. मूळ खाली गेले की संरक्षण संपले. हातमोजे घाला, आणि चोळून उरलेले बियाणे खायला वापरू नका.

ट्रायकोडर्मा भुकटी किलोला ५ ते १० ग्रॅम. बी किंचित ओलसर करून चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. ही जिवंत बुरशी मुळांबरोबर वाढते, म्हणून संरक्षण जास्त टिकते. मात्र तिला जम बसायला वेळ लागतो. थंड, चिखलट वाफ्यात तोवर पिथियम बाजी मारतो. तिथे थायरमच बरे. उबदार, शेणखत घातलेल्या वाफ्यात आम्ही ट्रायकोडर्मा निवडू. पाकीट जुने किंवा उन्हात ठेवलेले असेल तर चोळणे फुकट. कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकासोबत तर मुळीच नको, ते ट्रायकोडर्मालाच मारते.

आडवे झालेले रोप दोन्हींनी उठत नाही. आणि वाफ्यात पाणी साचत असेल तर आधी गादीवाफा करा, १५ सेंमी उंच. बी विरळ टाका.