खांदेदुखीवरची 'चिनी जडीबुटी' आणि आईची झालेली फसवणूक

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय, कारण ज्या माणसाने आईला फसवलं तो पेशंट आपल्याच घरांतून गोळा करायचा. हळदीकुंकवाला, भजनी मंडळात एकीने दुसरीला सांगायचं, की त्याच्याकडे रांग. खांदेदुखीवर चिनी सुया आणि चिनी जडीबुटी. तीन दिवसांत फरक, नाहीतर पैसे परत, असं तोंडभरून सांगायचा.

आईचा मधुमेह जुना. खांदा धरला तेव्हा तिला वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना, रात्री त्या कुशीवर वळली की कळ मस्तकात जायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून फ्रोजन शोल्डर सांगितलं. यात सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड होतं आणि आखडतं. मधुमेह असलेल्यांत हे बरंच जास्त दिसतं, आणि पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षंही लागतात. शेक, व्यायाम, धीर, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण रात्ररात्र डोळा न लागणाऱ्या बाईला वर्षांचा हिशेब ऐकवत नाही, आणि हे लोक नेमके तिथेच गाठतात.

त्याच्या दवाखान्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार. "मी त्यांच्याच परंपरेतला," म्हणायचा. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. भारतात अॅक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, कितीतरी वर्षांनी. पण मराठी माणसाचा ऊर कशाने भरून येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुया स्टीलच्या ट्रेमध्ये स्पिरिटमध्ये बुडवलेल्या असायच्या. एकीच्या खांद्यातून काढली की परत त्याच ट्रेमध्ये. खरी अॅक्युपंक्चरची सुई एकदाच वापरायची असते, सीलबंद पाकिटातली, आणि ते पाकीट तुमच्या समोर फोडायला हवं. नुसत्या स्पिरिटने हिपॅटायटिस-बीची कावीळ पसरायची थांबेलच असं नाही. शिवाय खांद्याच्या माथ्यावर सुई खोल गेली तर खाली फुप्फुस असतं. नीट शिकलेला माणूस तिथे फार जपून टोचतो. सुयांनी काही जणांना काही काळ आराम पडतो, हे मी नाकारत नाही. आमची फसवणूक सुयांत नव्हतीच, ती सोबतच्या डबीत होती.

डबीत तपकिरी पूड भरलेल्या कॅप्सूल. लेबलवर फक्त चिनी अक्षरं. ना घटक, ना आयात करणाऱ्याचं नाव, ना किंमत. पॅकेजचे १८,००० रुपये रोख घेतले आणि पावती म्हणून कोऱ्या कागदावर नुसता आकडा. तिसऱ्या दिवशी आईचा हात खरोखर वर गेला. भूक वाढली, चेहरा भरला. "काकूंना मानवलं बरं का," असं सगळे म्हणायला लागले. चष्म्याच्या काड्या तिच्या गालांत रुतून दोन्हीकडे लाल रेघा उमटायच्या, तेही तब्येत सुधारल्याचं लक्षण वाटावं असं वातावरण होतं. साखर मात्र चढत गेली आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या वाढवल्या.

दिवाळीत त्याने दवाखाना बंद ठेवला, डबी संपली. भाऊबीजेच्या दिवशी आई ओवाळताना मटकन खाली बसली. उलट्या, दरदरून घाम, रक्तदाब खाली, साखरही खाली. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा पाहूनच विचारलं, "सांध्यांसाठी कुठली पुडी, कॅप्सूल चालू होती का?" सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फारच कमी निघालं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि ते एकदम तुटलं की माणूस असा कोसळतो. तो भरलेला चेहरा स्टेरॉइडचाच, आणि स्टेरॉइडने साखर वाढते म्हणून गोळ्या वाढल्या होत्या. ते थांबल्यावर त्याच गोळ्यांनी साखर पाडली. तीन दिवसांतला तो 'फरक' जडीबुटीचा नव्हताच.

हा प्रकार जगभर सापडलेला आहे. वनौषधी म्हणून विकलेल्या सांधेदुखीच्या औषधांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइडं किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक मिसळलेलं निघतं. आणि खरीच वनस्पती असली तरी कोणती, हे कळायला हवं. १९९०च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी दुसरी विषारी मुळी गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "यात फक्त वनस्पती आहेत, तुमच्या आईंनी पथ्य मोडलं." पुढच्या महिन्यात पाटीच उतरलेली. आम्ही औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली आहे, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंदवली आहे. त्याच्या पत्रकावर "मधुमेह मुळापासून बरा" असंही छापलं होतं. अशी जाहिरात करणं १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ते पत्रकही जोडलं. आई आता डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड थोडं थोडं कमी करतेय आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम रोज करतेय.

तुमच्यापैकी कुणाकडे तशी डबी चालू असेल तर घाबरून आजच्या आज बंद करू नका. ती डबी घेऊन आधी फिजिशियनकडे जा, साखर तपासा, कॉर्टिसॉलबद्दल विचारा. रिकामी झाली असली तरी डबी, पाकीट, चिठ्ठी काही टाकू नका. तक्रारीला दुसऱ्या घरातला नमुना मिळाला तर आमची तक्रार नुसती आमची राहणार नाही.