डिपस्टिक की सेन्सर: स्पोर्ट्स कारचं ऑइल कशावर तपासावं?

बीएमडब्ल्यू एम३च्या ई४६ पिढीला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी, होती; २००७च्या ई९२ पिढीला ती दिलीच नाही, पातळी सेन्सरच सांगतो. तेव्हापासून स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांना हा प्रश्न पडतो. सेन्सर सोयीचा आहे, हे आधी मान्य करतो. सपाट जागा, तापलेलं इंजिन, आयडलवर थोडा वेळ, की पडद्यावर पट्टी दिसते. हात काळे होत नाहीत.

खरी अडचण ऑइल बदलताना येते. नवीन ऑइल ओतलं की इंजिन पुरतं तापेपर्यंत सेन्सर आकडाच देत नाही. म्हणजे अंदाजाने भरायचं, गाडी फिरवून आणायची आणि मग कळणार की जास्त झालं. ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये आणि नळ्यांत जुनं ऑइल उरतं, म्हणून पुस्तकातलं पूर्ण माप ओतलं की असं होऊ शकतं. जास्तीच्या ऑइलवर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आपटून फेस होतो, पंप हवा ओढतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, जातं. मग खालचा बोल्ट उघडून थोडंसंच काढायचं, तेही गरम! माझ्या मते इथेच डिपस्टिक जिंकते.

शिवाय पडद्यावरची पट्टी ऑइलची फक्त पातळी दाखवते. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळला की पेट्रोलचा वास येतो, तो पातळ झालेला जाणवतो; कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिसळलं असेल तर दुधाळ दिसतो. पेट्रोल मिसळलं तरी पातळी मापात असेल, तर पडद्यावर सगळं आलबेलच दिसतं.

अर्थात डिपस्टिकही चुकीची वाचता येते. वेट सम्पमध्ये, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशीच साठतं अशा गाडीत, गरम इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटं थांबा, काडी पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन बाजूंना वेगळी खूण आली तर खालची धरा. ड्राय सम्पमध्ये ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि गाडी उभी राहिली की ते हळूहळू इंजिनात झिरपतं. थंड गाडीत काडी कोरडी दिसली म्हणून ओतलंत, तर घोटाळा. एअरकूल्ड पोर्शे ९११मध्ये तर इंजिन गरम आणि चालू ठेवूनच काडी बघायची असते.

सेन्सरवालीच गाडी मनात भरली असेल, तर जरूर घ्या. फक्त पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, गाडी तापवून वाचा आणि मग २०० मिलीच्या टप्प्यांनी भरा.