फुकटात घ्यायचंच आहे, तर कुठून? ट्रायल, सॅम्पल की ‘रिव्ह्यू द्या, रिफंड घ्या’

‘फुकट ते पौष्टिक’ हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बघायचं एवढंच की त्या बदल्यात आपण काय देऊन बसतो: मोबाइल नंबर, सवय, की खात्यातून परस्पर पैसे कापायची परवानगी. ऑनलाइन फुकट मिळवण्याच्या ज्या चार वाटा सध्या जोरात आहेत, त्या इथे शेजारीशेजारी ठेवून बघतोय. माझा कल आधीच सांगतो. यूपीआय किंवा कार्ड जोडून घ्यायची ट्रायल सगळ्यात बदनाम आहे, पण मला ती त्यातल्या त्यात बरी वाटते. तिच्यातून बाहेर पडणं आपल्या हातात असतं.

पूर्वी तसं नव्हतं. कार्डाचा नंबर एकदा दिला की कंपनी दर महिन्याला पैसे उचलायची आणि आपल्याला कळायचं ते पैसे गेल्यावर. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले आणि पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवणं बंधनकारक झालं. मात्र 15,000 रुपयांपर्यंतच्या बहुतेक कपातींना दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे 199 ची काय किंवा 1,499 ची काय, वर्गणी गुपचूपच जाते. ती आगाऊ सूचना येते खरी, पण कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांच्या ढिगात दिसली तर नशीब.

ऑटोपेची, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायची, मंजुरी देताना जो स्क्रीन येतो, तो आपण पिन टाकायच्या घाईत वाचतच नाही. ‘1 रुपयात 7 दिवस’ म्हणणारं ॲप तिथे कमाल रक्कम किती मागतंय, किती वेळा कापणार आहे आणि मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे तिन्ही तिथेच लिहिलेलं असतं. एका रुपयाच्या ट्रायलसाठी कमाल रक्कम हजारांत असेल आणि मुदत पुढच्या दशकातली, तर मी मागे फिरतो. इतकं फुकट नको.

ॲप काढून टाकलं की वर्गणी बंद झाली, हा गैरसमज मात्र चिवट आहे. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी रद्द करावी लागते. गुगल प्लेवरून घेतलेली ट्रायल प्लेच्या सबस्क्रिप्शनमधून रद्द करायची. तिथे पहिल्याच दिवशी रद्द केली तरी सहसा मुदत संपेपर्यंत वापरता येते. आयफोनवाल्यांनी ट्रायल संपण्याच्या किमान 24 तास आधी हे उरकावं, असं ॲपल स्वतःच सांगते. रद्द करायचं बटणच सापडू दिलं नाही, तर तोही आता नियमभंग आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या 13 फसव्या युक्त्यांवर बंदी आहे, त्यात हा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ येतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

दुसरी वाट रिचार्जबरोबर येते. 2016 साली जिओने महिनोन्‌महिने फुकट डेटा वाटला तेव्हापासून आपल्याला हिची ओळख आहे. 2025 मध्ये तिच्यावर एआयची गर्दी झाली: एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर देऊ केलं, जिओने जेमिनी प्रो 18 महिने. नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो, एरवी महिना 399 रुपयांचं, भारतात वर्षभर मोफत झालं. पण ते थेट कंपनीकडून, पैसे भरायचं साधन जोडून. म्हणजे दिसायला तिन्ही सारखी, पण हे तिसरं मुळात ऑटोपेवालीच ट्रायल. जिओच्या ऑफरला पात्र 5जी प्लॅन चालू ठेवावा लागतो, तेव्हा स्वस्तातल्या प्लॅनवर सुखी असाल तर फरकाची रक्कम 18 महिन्यांनी गुणून बघा. एरवी विद्यार्थ्यांसाठी ही वाट सगळ्यात बिनधोक.

वस्तूच हवी असेल तर सॅम्पल. इथे खर्च कळतो, फक्त उशिरा. वस्तू ‘मोफत’, पण डिलिव्हरीचे पैसे वेगळे. अशाने चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. शाम्पूच्या पुडीसाठी हे करू नये, ती कोपऱ्यावरच्या दुकानात दोन-चार रुपयांना मिळते. परफ्यूम, सनस्क्रीन, फाउंडेशनची शेड यांचं मात्र वेगळं. उघडलेली बाटली सहसा कुणी परत घेत नाही, त्यामुळे आठशेची बाटली आपल्याला मानवत नाही हे पाच मिलीत कळलं, तर डिलिव्हरीचे पैसे वसूल. पाकीट आल्यावर मुदतीची तारीख बघा. मुदत संपत आलेला माल खपवायचा हा सोयीचा मार्ग आहे. फॉर्मवर नंबर दिला की फोन येणारच, म्हणून 1909 वर डीएनडी (जाहिरातींचे कॉल-मेसेज थांबवायची सोय) आधीच करून ठेवा.

व्हॉट्सॲपवर कुठल्याशा नामवंत कंपनीच्या वर्धापनदिनाची भेट ‘20 जणांना फॉरवर्ड केल्यावर’ मिळते, तिला या तुलनेत जागा नाही.

चौथी वाट सगळ्यात मोहक, कारण तिथे मिक्सर, इअरबड असा खरा माल दिसतो. टेलिग्रामवरचा मध्यस्थ सांगतो: स्वतःच्या पैशाने ऑर्डर करा, पंचतारांकित रिव्ह्यू द्या, माल परत करायची मुदत उलटली की पूर्ण रक्कम यूपीआयने परत. त्या मुदतीतच मेख आहे. ती संपेपर्यंत माल परत करून पैसे सोडवायचा हक्क तुमच्याकडे असतो. संपल्यावर उरतो तो अनोळखी माणसाचा शब्द. रिफंड आलाच, तरी तो कुणाच्या खात्यातून आला हे तुम्हाला ठाऊक नसतं. ते खातं फसवणुकीच्या तक्रारीत अडकलं, तर तिथून पैसे आलेली पुढची खातीही गोठवली जाऊ शकतात, आणि मग दोन हजारांच्या मिक्सरपायी पगाराचं खातं बंद. शिवाय विकत घेतलेले रिव्ह्यू ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीच्या भारतीय मानक आयएस 19000:2022 ला मान्य नाहीत आणि शॉपिंग साइट खातं बंद करते ते वेगळंच. पहिले दोन-तीन रिफंड वेळेवर आले म्हणून हुरळू नका. ‘आता आगाऊ पैसे भरून मोठे टास्क करा’ हा पुढचा टप्पा असतो. पैसे अडकले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, आणि चॅट पुसली जायच्या आत ऑर्डर क्रमांक, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.