मारुती ८०० चे मागचे सस्पेन्शन बोल्ट: जुनेच आवळायचे की नवे घालायचे?

१९८६ नंतरच्या मारुती ८०० मध्ये मागचा एक्सल (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आस) दोन ट्रेलिंग आर्म, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेले दांडे, आणि एका आडव्या रॉडने धरलेला असतो. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रबरी बुश (धक्के शोषणारी, आत लोखंडी नळी असलेली गुंडाळी) आणि त्यातून आरपार गेलेला बोल्ट. गाडीचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, त्यामुळे हे बोल्ट बदललेले नसतील तर त्यांनी दहाहून जास्त पावसाळे काढलेत. कोकणातली गाडी असेल तर खारी हवाही खाल्लेली असते.

गॅरेजमध्ये पहिला सल्ला हमखास मिळतो: "नट आवळून देतो, चालेल." खर्च नाही, वेळ नाही. पण बाहेरून दिसतं ते फक्त बोल्टचं डोकं, आणि गंज पकडतो तो आत, बुशच्या लोखंडी नळीत. असा बोल्ट बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासा. मधला भाग कंबर आवळल्यासारखा बारीक झालेला दिसतो. डोक्याजवळची जाडी आणि मधली जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजली की शंका उरत नाही. डोक्याभोवती लालसर भुकटी साचली असेल, किंवा पहिला गिअर टाकून गाडी पुढे काढताना मागे 'ठक्' होत असेल, तर आवळण्यात अर्थ नाही. माझं मत स्पष्ट आहे: बोल्ट एकदा बाहेर आला की तो परत घालू नये, आत नायलॉनची कडी असलेला नट तर नाहीच. खरा खर्च मजुरीचा असतो, बोल्टचा नाही.

नवे घ्यायचे तर कंपनीचे सगळ्यात बरे, कारण लांबी, आटे आणि आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग नेमका जुळतो. ते मिळाले नाहीत तर बाजारातला हाय-टेन्साइल (जास्त ताण सोसणारा) बोल्ट चालेल, पण डोक्यावरचा आकडा वाचून घ्या आणि तो मूळ बोल्टपेक्षा कमी नको. ८.८ म्हणजे तुटेपर्यंत ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताकद, १०.९ म्हणजे १०००. पूर्ण लांबीभर आटे असलेला घेऊ नका, ब्रॅकेटच्या (बोल्ट धरणाऱ्या पत्र्याच्या) भोकात ते आटे झिजतात आणि भोकही खातात.

गंजत नाही म्हणून बरेच जण स्टेनलेस मागतात. इथे तो नको. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस साधारण ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जातो, ८.८ बोल्ट ६४० पर्यंत तसा ताणला न जाता टिकतो. शिवाय त्याचे आटे आवळताना एकमेकांत अडकून बसतात.

घरी करायचं की गॅरेजात? बोल्ट सुटत असेल तर घरी जमतं: भक्कम स्टँड, एक्सलखाली वेगळा जॅक, आणि एका वेळी एकच बोल्ट, नाहीतर एक्सल सरकतो आणि भोकं जुळत नाहीत. पण पाना फिरवताना बोल्टबरोबर बुशची नळीही फिरू लागली तर तो आत जाम आहे. मग ग्राइंडर लागतो आणि बुशही नवा लागतो. ते गॅरेजातच करा. पेट्रोलची टाकी मागेच असते, तिथे ठिणगी किंवा गॅसची ज्योत घरच्या अंगणात नको.

कुणीही केलं तरी शेवटची आवळणी चाकं जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) व्हायला हवी. गाडी उचललेली असताना आवळलं तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. ब्रॅकेटचं भोकच लांबट झालं असेल तर मात्र नवा बोल्टही उपयोगाचा नाही, आधी ब्रॅकेटचं वेल्डिंग करून घ्या.